तिथीची पाऊणपट

मार्गशीर्ष महिना होता. मालवणातील चिवल्याच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या एका घरातील सून आपल्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आली. आबांचे वय ८१. सारे आयुष्य रापणीवर गेलेले. वैशाखात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवा हात आणि उजवा पाय दुबळा झाला, पण काठीच्या आधाराने ते चालू लागले होते. तक्रार वेगळीच होती. सून म्हणाली, "डॉक्टरबाई, आबा आता कोणाशी बोलतच नायत. जेवक बसतत, दोन घास खातत आनि उठतत." दिवसभर ते भिंतीकडे तोंड करून बसतात, रात्री झोपत नाहीत, नातवाचे नावही परवा चुकले. त्यांचे मन ढळू लागले की काय, अशी तिला भीती वाटत होती.

स्मृती तपासण्यासाठी आम्ही डॉक्टर मंडळी एक छापील प्रश्नावली वापरतो. पहिलाच प्रश्न तारखेचा असतो. मी विचारले, "आबा, आज तारीख किती?" ते बराच वेळ गप्प राहिले. मी कागदावर शून्य लिहीत होते, तेवढ्यात ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "तारीख घेवन काय करू? आज तीज. सव्वादोनाक भरती."

समोरच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. पाहिले, तर तृतीया होती.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला वा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे आमच्याकडची सुकती. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तितकीच सरकते, म्हणून हे गणित जमते. गावोगावी त्यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. बंदरावरचे वेळापत्रक अधिक अचूक असते. पण ज्या मेंदूने प्रश्न ऐकल्यावर तिथी आठवली, तिची पाऊणपट केली आणि उत्तर दिले, त्याला मी शून्य गुण देत होते. आमच्या प्रश्नावलीत तिथीला गुण नाहीत.

आता माझी चूक सांगते. भाद्रपदात आबा किनाऱ्यावर पडले होते. हाड मोडले नव्हते, गुडघा सोलवटला होता, एवढेच. परंतु या वयात खुब्याचे हाड मोडले, तर माणूस पुन्हा उठेलच असे सांगता येत नाही. अशी दोन माणसे मी त्याच वर्षी पाहिली होती. म्हणून औषधांच्या चिठ्ठीवर मी ठळक अक्षरांत लिहिले, 'वाळूवर जाऊ देऊ नये.' मुलाने आणि सुनेने ती आज्ञा तंतोतंत पाळली. घरापासून समुद्र २०० पावलांवर, आणि तीन महिने या माणसाने तो पाहिला नव्हता. खोलीची खिडकी मागील दारी, फणसाकडे उघडत होती. म्हाताऱ्या माणसाला जपण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्याला बसवून ठेवणे, आणि तोच उपाय मी लिहून दिला होता.

बसून राहण्याची किंमत शरीर फार लवकर वसूल करते. मांड्यांचे स्नायू झिजतात, उठताना रक्तदाब एकदम उतरतो, तोल सांभाळण्याची सवय जाते, शौचास साफ होत नाही, दिवसा डुलक्या लागल्यामुळे रात्रीची झोप उडते. ज्या पडण्याच्या भीतीने आपण माणसाला बसवतो, ते पडणेच त्यामुळे अधिक जवळ येते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु खुब्याचा अस्थिभंग डोळ्यांना दिसतो, क्ष-किरणाच्या पटलावर उमटतो. आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या आत जे मोडत असते, त्याचे चित्र कुठल्याच यंत्रावर येत नाही. त्या दिवशी मी जुनी सूचना खोडली. मनाच्या उदासीनतेवरील एक सौम्य गोळी सुरू केली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. केवळ समुद्राच्या वाऱ्याने सारे बरे होते असे मी मानत नाही. आणि सुनेला म्हटले की पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी सुकतीच्या वेळी आपण तिघे चिवल्यावर जाऊ.

दिवसाची निवड आबांनीच केली होती, आणि ती वैद्यकीय दृष्ट्याही अचूक होती. द्वितीयेला भरती दुपारी दीडच्या सुमारास, म्हणजे सुकती सकाळी साडेसातच्या आसपास. त्या वेळी ऊन कोवळे असते आणि पाणी मागे हटल्याने ओली, घट्ट पुळण मोकळी होते. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाऊल रुतते, घोटा वळतो, काठीचे टोक खाली जाते; पक्षाघात झालेल्या माणसाने तिच्यावरून चालू नये. ओल्या वाळूवर मात्र पाय ठामपणे ठरतो. रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा हीच धोक्याची जागा, आणि भाद्रपदात आबा तेथेच पडले होते. आम्ही शेजारून लाकडाच्या दोन रुंद फळ्या आणल्या, त्या आळीपाळीने पुढे टाकत तो पट्टा ओलांडला. काठी डाव्या, म्हणजे सशक्त हातात. सून उजव्या, म्हणजे दुबळ्या बाजूस. पुष्कळ घरांत नेमके उलटे करतात. माणूस दुबळ्या बाजूला कलतो, म्हणून आधारही त्याच बाजूला हवा. दंड ओढून धरू नये, खांदा निखळतो. कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट गुंडाळलेला पंचा असावा आणि तो धरावा.

एक खुर्ची आधीच पाण्यापाशी नेऊन ठेवली होती. आबा बसले. पाच मिनिटे काहीच बोलले नाहीत. मग काठीचे टोक वाळूकडे करून त्यांनी सुनेला दाखवले: इवल्या खेकड्यांनी आपापल्या बिळांभोवती वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी घातली होती. हे खेकडे वाळू तोंडातून काढून तिच्यातील अन्नाचे कण खातात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. पुढची भरती सारी नक्षी पुसून टाकते. पाण्याच्या काठाने चिखल्या आणि तुतारी पक्षी लगबगीने धावत होते, लाट आली की मागे, गेली की पुढे. पलीकडे कुरव पक्ष्यांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता. हे हिवाळी पाहुणे. उत्तरेकडून थंडीत येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. खडपावर एक राखी समुद्रबगळा मान आखडून उभा होता. आबांना यांची पुस्तकी नावे ठाऊक नव्हती, मला त्यांची मालवणी नावे ठाऊक नव्हती. कुठला पक्षी कुठल्या वाऱ्यावर कुठे बसतो आणि तो जेथे घिरट्या घालतो तेथे पाण्याखाली कोणती मासळी असते, हे मात्र त्यांनी अडखळत का होईना, पण सलग सांगितले. जिभेला आलेला जडपणा होता. शब्द कमी पडत नव्हते.

मालवणच्या माणसाला हे सांगावे लागू नये, तरीही लिहिते: आपण ज्या समुद्राला रोजचा म्हणून पाहतो, त्याचा एक भाग संरक्षित अभयारण्य आहे. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातील सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरात आहे. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहे. दगडासारखे दिसणारे प्रवाळ म्हणजे सूक्ष्म प्राण्यांची वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारी शैवाले त्यांना अन्न पुरवतात, आणि पाणी नेहमीपेक्षा फार तापले की शैवाले निघून जाऊन प्रवाळ पांढरे पडते. त्याच्या खाचाखोचांत माशांची पिल्ले लपतात, वाढतात आणि मग बाहेरच्या पाण्यात येतात. बोटींचे नांगर आणि हौशी पर्यटकांचे पाय हे त्याचे शत्रू.

हे मी आबांना काहीशा उत्साहाने सांगत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "आमका कोणी इचारूक नाय. म्हणान आमी झगडलंव." अभयारण्याला येथील मच्छीमारांनी विरोध केला होता आणि त्यात तेही होते. हातावरचे पोट जाईल, जाळे टाकल्याबद्दल गुन्हेगार ठरू, ही भीती खोटी नव्हती. ज्यांचे जगणे त्या पाण्यावर, त्यांना विश्वासात न घेता नकाशावर रेघ ओढली की असेच होते. पुढे ते जे म्हणाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटले. "खडपात मासो अंडी घालता, ह्या आमका आधीच ठावक होता." खडपांजवळ जाळे कधी टाकायचे नाही, पावसाळ्यात समुद्राला विश्रांती का द्यायची, याचे नियम त्यांच्या वाडवडिलांनी पाळलेले होते. आज शासन १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवते, तेही याच कारणासाठी. विरोध केलेला माणूस अभयारण्याचा शत्रूच असतो, असे मी तोवर नकळत धरून चालले होते.

त्या सकाळी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आबा खुर्चीत स्थिरावल्यावर सून जरा बाजूला जाऊन एका दगडावर बसली आणि चपला काढून तिने पाय पाण्यात सोडले. मी विचारले, तर तीही सात महिन्यांत किनाऱ्यावर आली नव्हती. सकाळी आबांचे शौच-स्नान, गोळ्या, मुलाची शाळा, दुपारी मासळीचे काम, रात्री दोनदा उठून आबांना लघवीला नेणे. तिचा रक्तदाब मी दुसऱ्या दिवशी मोजला. तो वाढलेला होता आणि तिने तो कधी तपासलाच नव्हता. शुश्रूषा करणाऱ्यांविषयी मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे, पण लिहिणाऱ्याच्या समोर बसलेली बाई तिला दिसत नाही, असे होते खरे. रुग्णाला बाहेर नेणे म्हणजे तिच्यावर आणखी एक काम, असे मी समजत होते. प्रत्यक्षात ती चाळीस मिनिटे तिला पहिल्यांदाच मिळाली होती. मात्र त्यासाठी सोबत तिसरे माणूस हवे. एकट्या सुनेने पक्षाघाताच्या रुग्णाला पाण्याकाठी नेऊ नये. शेजारी, नातू, कोणीही चालेल, पण दोन हात मोकळे असलेले.

हे वाचून कोणी आपल्या आईवडिलांना उद्याच बाहेर काढील, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहिते. मधुमेह्यांनी किनाऱ्यावर अनवाणी चालू नये, कितीही मोह झाला तरी. पायाची संवेदना मंदावलेली असते. कालवांच्या धारदार कवचाने कापले तरी कळत नाही आणि सायंकाळी मोज्यावर रक्त दिसते. मागे पट्टा असलेली, बोटे झाकणारी पादत्राणे घालावीत आणि घरी आल्यावर शुश्रूषा करणाऱ्याने तळपाय उजेडात पाहावेत. समुद्राच्या उबदार पाण्यात काही जंतू असे असतात की निरोगी माणसाला ते फारसे बाधत नाहीत; पण यकृताचा विकार किंवा अनियंत्रित मधुमेह असेल, तर लहानशा जखमेतूनही ते काही तासांत गंभीर संसर्ग घडवतात. उघडी जखम असेल तर खाऱ्या पाण्यात पाय घालू नये. नवी जखम झाली तर स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, आणि भोवती लाली वाढू लागली वा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

उथळ पाण्यात पाकट माशावर पाय पडला, तर त्याच्या शेपटीच्या काट्याने असह्य वेदना होतात. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास विषाचा जोर कमी होतो. पाणी किती गरम हे सोबतच्या माणसाने स्वतःचा हात घालून ठरवावे. संवेदना गेलेल्या पायाला पोळल्याचे कळत नाही. काटा खोल असेल तर उपटू नये, दवाखान्यात यावे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांचा खरा प्रश्न मात्र समुद्राचा नसून शौचालयाचा असतो. तो लाजेने बोलला जात नाही आणि म्हणून माणूस घराबाहेर पडतच नाही. कित्येक आजी बाहेर जाण्याच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग उन्हात भोवळ येते. अशा दिवशी ती गोळी फेरीनंतर घेतली तर चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बहुतेक वेळा चालते. पण मनाने बंद करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर ठेवावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांना वाळूवरची चकाकी सोसत नाही. गडद चष्मा आणि रुंद काठाची टोपी घ्यावी. विसराळूपणाचा आजार असलेल्या माणसाला पाण्याकाठी क्षणभरही एकटे सोडू नये, त्याचे पाय आपोआप ओळखीच्या दिशेने निघतात.

किनारा ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आमच्या भोवती दुसऱ्या जागा आहेत. मला स्वतःला धामापूरचा तलाव सर्वांत आवडतो. १५३० च्या सुमारास गावकऱ्यांनी बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत गेला. काठावर भगवतीचे देऊळ, भोवती दाट झाडी, देवळाशेजारी सावली आणि बसायला जागा. गाडी जवळपर्यंत जाते. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या वृद्धांनी टाळाव्यात, वरूनच पाहावे. खंड्याची निळी रेघ पाण्यावरून जाताना ऐकू कमी येणाऱ्यालाही दिसते, आणि नजर अधू झालेल्याला झाडीतील पक्ष्यांचा कलकलाट पुरतो. एक इंद्रिय थकले की दुसऱ्याला काम मिळेल अशी जागा निवडावी, एवढेच माझे सूत्र आहे.

उत्तरेस कालावलची आणि दक्षिणेस कर्लीची खाडी. दोन्हीकडे कांदळवने आहेत: तिवर, कांदळ, चिप्पी. यांतील पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या, कुर्ल्यांची बिळे, क्वचित एखादे पाणमांजर. कोळंबीची आणि कितीतरी माशांची पिल्ले येथेच मोठी होतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट स्वतः वल्ही मारत नौकेतून कांदळवन दाखवतो. यंत्राचा आवाज नसल्याने म्हाताऱ्या कानांना तो फेरा फार सुखाचा वाटतो. होडीत चढता-उतरतानाच धोका असतो, म्हणून भरतीची वेळ गाठावी. तेव्हा होडी धक्क्याच्या पातळीला येते. येथेही तिथीची पाऊणपट कामी येते.

कासवांविषयी मला नेहमी विचारले जाते. देवगड तालुक्यातील तांबळडेग आणि वेंगुर्ल्याजवळील वायंगणी येथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या अंडी घालतात. एका घरट्यात बहुधा शंभराच्या आसपास अंडी असतात आणि सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात. गावकरी घरटी राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडताना पाहू देतात. दृश्य विलक्षण असते. परंतु पहाटेचा प्रवास, कोरडी वाळू, ताटकळत उभे राहणे आणि पिल्लू नेमके आजच निघेल याची खात्री नाही. ज्यांना एक तास बसवत नाही त्यांना नेऊ नये. दोडामार्गच्या बाजूचे जंगल तर जानेवारी ते मे या काळात वृद्धांनी टाळावे असे मी सांगते. तेथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडांमधून पसरतो. आणि पावसाळ्यात कुठेही साचलेल्या पाण्यातून चालू नये. लेप्टोचा ताप आपल्या जिल्ह्याला नवा नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांचे काय, असे कोणी विचारील. रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामके कमी लागली. रुग्ण होते अवघे ४६, म्हणून त्यावर मोठी इमारत उभारू नये. तरीही आबांची खाट फणसाकडच्या खिडकीतून पडवीकडच्या खिडकीशी हलवावी, असे सांगण्यास मला तेवढे पुरेसे वाटले. तेथून समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. आणि लाटेच्या आवाजावरून भरती चढते आहे की उतरते आहे, हे त्यांना कळते.

आबा पूर्वीसारखे झाले नाहीत. उजवा हात अजून भाताचा घास धरत नाही. नातवाचे नाव कधी कधी चुकते. झोप सुधारली, दोन घासांचे पाव ताट झाले, आणि आठवड्यातून दोनदा ते किनाऱ्यावर बसतात. मागच्या महिन्यात चिवल्यावर रापण ओढली जात होती. तेव्हा त्यांनी खुर्चीतूनच डावा हात दोरावर ठेवला. ओढणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दोन बांगडे आणून ठेवले. सुनेने त्या दिवशी फोन करून सांगितले, ते बांगड्यांविषयी नव्हे, तर आबांनी कालवण तिखट झाले म्हणून तिला रागावले याविषयी. तिचाही रक्तदाब आता गोळीविना ताब्यात आहे, मात्र मीठ कमी करायला ती अजून तयार नाही.

परवा ते तपासणीस आले होते. पुढच्या भेटीची तारीख आणि सकाळी आठची वेळ मी चिठ्ठीवर लिहिली. आबांनी ती सुनेकडून वाचून घेतली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले, ओठांत काही पुटपुटले आणि मान हलवली.

"सकाळी नको. त्या दिसा सकाळी सुकती."

मी आठ खोडून चार केले.